साल काढलेला जिताडा

माझी आई घाटाखालच्या शिळफाट्यावर मासळी विकायची आणि मी पत्रकं लिहायची. आपल्याला आपलं काम येतं, असा दोघींचाही समज होता. आईचा खरा होता. माझ्या एका पत्रकानं आईचा धंदा बसला, ही गोष्ट आमच्या चळवळीतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे आणि अजूनही कुठल्या सत्काराला जमलो की कोणीतरी ती सांगतंच. ‘तत्त्वापुढे हिनं आईलाही सोडलं नाही’ असा तिचा थाट असतो. लोक टाळ्या वाजवतात. मी तोंड शिवून बसते. ही गोष्ट जिथे संपवतात तिथे ती संपत नाही, हे मला माहीत असतं आणि तरी मी माईक मागत नाही. आता इथे माईक माझ्याच हातात आहे.

आमचं घर फाट्याच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. घाट चढायच्या आधी ट्रकवाले तिथेच गियर बदलायचे, तेव्हा मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की घाट बंद असला की झोप लागायची नाही. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात होते आणि पावसाळ्यात भावकीबरोबर भाताला उतरायचे. ते मुळातच थोडं बोलणारे. आईचं माहेर पेणच्या पलीकडे खाडीकाठी. तिनं वरच्या अंगाच्या, भातवाल्या घरात लग्न केलं हे तिच्या माणसांना पटलं नव्हतं, त्यामुळे आम्हा भावंडांना आजोळ असं नव्हतंच. ती मात्र आठवड्यातून तीनदा पहाटेच्या यष्टीनं बंदरावर जायची, लिलावात मासळी घ्यायची आणि दुपारच्या आत टेंपोनं परत यायची. माहेरच्या वाटेनं जायची, पण माहेरी जायची नाही. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ती आली की परसात चिंचेच्या ओंडक्यावर कोयता वाजायला लागायचा. कापण्याचा आवाज वेगळा आणि साल काढण्याचा वेगळा. साल काढताना ओलं फडकं फाडावं तसा लांब आवाज यायचा. कारखान्याच्या कॉलनीत साहेबलोकांचे बंगले होते. त्यांच्यासाठी आई जिताडा आणायची. ‘साहेबलोकान्ला साल नाय चालत,’ ती म्हणायची आणि तुकडे दुधासारखे पांढरे करून केळीच्या पानात बांधायची. डोकं आमचं. ओल्या खोबऱ्याचं वाटण, भरपूर लसूण, कोकमाचं आगळ, वर हिरव्या मिरच्या मोडून टाकलेल्या. त्या कालवणात ते भलंमोठं डोकं टोपात तोंड वर करून बसायचं. जाड ओठ, पुढे आलेला खालचा जबडा, अंगभर तपकिरी ठिपके. गालातला मांसाचा गोळा कोणी घ्यायचा यावरून माझी आणि माझ्या भावाची हाणामारी व्हायची. ओठ दादांचे. आई कल्ल्याजवळचं काहीबाही चोखत बसायची आणि म्हणायची, ‘जिताडा हाय बाबांनो, जिताडा. साहेबाच्या पानात तुकडा पडतो, तुमच्या पानात आख्खं डोसकं.’ आम्हाला फार श्रीमंत वाटायचं. हेकरू नावाचा दुसरा एक मासा असतो, तो हलका, तो आपण आणत नाही, असंही तिनं सांगितलं होतं. आळीत बाकी सगळे भातवाले. त्यांची मजल नदीतली बारीक मळी मासळी आणि सुकट-बोंबील एवढीच. त्यामुळे आईच्या शब्दावर शंका घ्यायला कोणीच नव्हतं.

पोहायला मी पाताळगंगेत शिकले. वीजघरातून सुटलेलं पाणी तिला भर मे महिन्यातही आटू द्यायचं नाही, आणि ते असं गार की आत उडी मारली की छातीतला श्वास चोरीला जायचा. मुलीच्या जातीनं इतकं पोहू नये असं आळीतल्या बायका आईला सांगून गेल्या. तिनं त्यांना काय उत्तर दिलं माहीत नाही, पण त्या परत आल्या नाहीत. पुढे कॉलेजात गेले, प्राणिशास्त्र घेतलं आणि त्याहून मन लावून पत्रकं लिहायला शिकले. कर्जतला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमच्या ग्राहक मंचाचं कार्यालय होतं. खालून पीठ उडायचं, वर शाई. दुधातलं पाणी, रॉकेलमधला घोटाळा, रेशनच्या तांदळातले खडे, आम्ही कोणाला सोडायचो नाही. मथळा प्रश्नार्थक, तीन ठळक खुणा आणि शेवटी ‘गप्प बसू नका’, असा आमचा साचा. आमच्याकडे चौकशीच्या आधी मथळा ठरायचा. हे मी आज हसत लिहितेय असं कोणी समजू नये.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांच्या ओळखीनं मालवणच्या बाजूला समुद्रातल्या माशांची एक पाहणी निघाली. पाठीवर हवेची टाकी बांधून खडपांवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, उतरायचं आणि दिसेल तो मासा ओळखून पाटीवर लिहायचा. पोरी नकोत असं आधी ठरलं होतं. मी सरांना ऐकवलं की तुमच्या पोरांनी मासे बाटलीत बघितलेत, मी जिताड्याचं डोकं डोळे मिटून ओळखते. सर हसले आणि मला घेतलं. हवा तोंडानं ओढायची, घाबरलं तरी श्वास धरायचा नाही, कानात दडा बसला की नाक दाबून फुंकायचं, हे आठ दिवसांत शिकवलं. एका बंदरातल्या बाबल नावाच्या पाणबुड्यानं आम्हाला खाली नेलं. आता त्याच खडपांवर सुट्टीला आलेली माणसं तासाभराच्या शिकवणीवर उतरतात आणि वर येऊन फोटो दाखवतात. दाखवोत बापडी. आमच्या वेळी खाली जाणं म्हणजे काय हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की जन्मभर ट्रकचे आवाज ऐकलेल्या मुलीला पहिल्यांदा फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला.

पाच-सहा पुरुष खोल गेलं की लाल रंग उरतच नाही. लाल मासाही काळपट दिसतो. म्हणून रंगावर जायचं नाही, आकार बघायचा आणि वागणं बघायचं, हे सरांनी बजावलं होतं. मला त्याची गरजच पडली नाही. एका कपारीच्या तोंडाशी, पोटाखालचे पर टेकवून, उंबऱ्यावर बसलेल्या सासऱ्यासारखा तो बसला होता. जाड ओठ, पुढे आलेला जबडा, ठिपके. मी हलले की त्याचा डोळा हलायचा, अंग हलायचं नाही. मी बघत असतानाच त्याच्या अंगावरचे पट्टे गडद झाले आणि परत फिके झाले. टोपात बघितलेलं डोकं धडासकट जिवंत समोर बसलं होतं, आणि मला खरंच रडू आलं. तोंडावरच्या काचेत रडता येत नाही, हेही तेव्हा कळलं. मी पाटीवर लिहिलं, जिताडा. पुढच्या कपारीत दुसरा, त्यापुढे आणखी दोन. चार जिताडे लिहून मी वर आले.

होडीत बाबलनं माझी पाटी सरांच्या आधी वाचून घेतली. त्याला हसू आवरेना. ‘बाय माजे, तुमचो जिताडो तो आमचो चोणक. तो खाडीच्या तोंडार गावता, खडपात खंय इलो? ह्यो हेकरू.’ सरांनी पेन्सिलीनं दोन चित्रं काढून दाखवली. हेकरूच्या पाठीवरचा पर एकसलग. जिताड्याच्या पाठीवर मधे खोल खाच, जवळजवळ दोन पर. जिताड्याचं डोकं डोळ्यावर आत दबलेलं, मुस्कट निमुळतं, खवले मोठे, रुपेरी. बरोबरची पोरं मला दिवसभर ‘डोळे मिटून’ म्हणून चिडवत होती. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी एका जाळ्यात खरा जिताडा आला होता, तो सर मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. चांदीचा पत्रा असावा तसा, आणि डोळा आतून पेटल्यासारखा. असा मासा मी जन्मात बघितलेला नव्हता. पुढचे दिवस मी पाटीवर हेकरूच लिहीत राहिले, जातवार, आकारासकट, एकही चूक न करता.

परतीच्या यष्टीत मी निवाडा करून टाकला. दोष बंदरावरच्या दलालाचा. एका अडाणी बाईला तो वर्षानुवर्षं जिताडा म्हणून हेकरू गळ्यात मारतोय, आणि तिच्याकडून तो लोकांच्या पानात जातोय. खाडीकाठी जन्मलेल्या बाईला हे कळलं नसेल का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कारण तो पडला असता तर दलालावर लिहिता आलं नसतं. पनवेल यायच्या आत पत्रक लिहून झालं होतं. मथळा, ‘जिताडा म्हणून तुमच्या पानात काय पडतं?’ खाली तीन खुणा, चित्रासकट. मग, ‘साल काढलेला तुकडा घेऊ नका. डोकं मागा.’ कर्जतच्या माडीवर ते छापलं आणि एक गठ्ठा घरी आणून ठेवला. रविवारी मंचाची चौघं येणार होती, त्यांच्याबरोबर बाजारात वाटायचा बेत. आईनं विचारलं, काय गं हे. मी म्हटलं, ‘मासळीवर लिहिलंय मी.’ तिनं एक कागद उचलला, माशाचं चित्र बघितलं, पदरानं हात पुसून परत जागेवर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवू का, असं मी विचारलं नाही. घाईत होते.

रविवारी मी त्या चौघांना आणायला स्टेशनवर गेले. त्यांना यायला उशीर झाला. परत येते तो घरात गठ्ठा नाही. आई तो घेऊन गेली होती. लेकीनं मासळीवर लिहिलंय म्हटल्यावर तिनं सकाळी एक फेरी कॉलनीत मारली होती, बंगल्याबंगल्यात कागद दिला होता, ‘माज्या शालननं लिवलंय, वाचा’ म्हणून. उरलेले टोपलीशेजारी दगडाखाली ठेवून गिऱ्हाइकाला तुकड्यांबरोबर एकेक देत होती.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्यापुढे सात-आठ माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे इंजिनीअरसाहेबांच्या बाई. त्या वाईट नव्हत्या, दिवाळीला आम्हाला फराळ पाठवायच्या. त्यांच्या हातात माझा कागद होता. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘चंद्राबाई, यात लिहिलंय डोकं मागा, म्हणून मागतेय. याचं डोकं दाखवा.’ आई हसली. डोकं घरी चुलीवर हाय, तुमी कधीपासनं डोसकी खायला लागलात, असं काहीतरी म्हणाली. अजून तिला काही कळलेलं नव्हतं. एवढ्यात बाईंनी मला बघितलं. ‘ही आलीच तुमची लेक. शालन, तू समुद्राच्या तळाशी जाऊन आलीस ना? मग तूच सांग, हा कोणता मासा?’

आईनं माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांसमोर पोरीला पाढे म्हणायला लावावेत आणि ती ते म्हणणार याची खात्री असावी, तशी बघत होती. तिला कसली भीती असणार? मासा मला तिनंच शिकवला होता.

मी म्हटलं, ‘हेकरू.’

घाटाकडे एक ट्रक गेला. मला वाटलं अजून सावरता येईल, म्हणून मी पत्रकाच्या आवाजात सांगायला लागले, की यात आईचा दोष नाही, तिला माहीतच नाही, बंदरावरचा दलाल तिला फसवतो, फसवणूक तिचीसुद्धा झालेली आहे. बाई मान डोलवायला लागल्या होत्या. मागच्या टपरीतला पानवाला ‘अरेरे’ म्हणाला. सगळे तिला माफ करायला तयार होते. माफीसाठी तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

आईनं हातातला कोयता खाली ठेवला. ‘कोन फसवतो मला? मासा कलत नाय मला? खाडीवर जल्मले मी. मला हेकरू देऊन जिताडा म्हनंल असा दलाल अजून पैदा नाय झाला.’ मग बाईंकडे वळून, आवाज न चढवता, ‘हेकरूच आनते मी. पयल्या दिसापासनं. जिताडा बंदरावं येतो तो येचून येचून चार, तो तितनंच मोठ्या सायबांकडं जातो. तुमाला जिताडाच पायजे व्हता, म्हून जिताडा म्हनून दिला. गोड लागला का नाय?’

बाईंनी केळीचं पान टोपलीत परत ठेवलं. एकेक करून सगळ्यांनी ठेवलं. पानवाला म्हणाला, ‘चंद्राबाय, आमाला तरी सांगायचं व्हतं, आमी सुकटीवरच ऱ्हायलो की गं.’ तेवढ्यावर लोक हसले आणि पांगले. माझ्याबरोबरच्या चौघांपैकी एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मंचाला तुझा अभिमान वाटेल असं काहीसं म्हणाला. मंचाच्या स्मरणिकेत छापून आलेली गोष्ट इथे संपते.

घरी दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि सायकल पुसायला घेतली. मी आईवर तुटून पडले. लोकांना फसवलंस ते फसवलंस, आम्हालाही? आम्ही कोण तुझे, गिऱ्हाईक? तिनं चूल सारखी केली. म्हणाली, ‘तू पयल्यापासनं तोंडाची. तुला खरं सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी कॉलनीत कललं असतं. आनि जिताडा म्हनलं की तुमी पोरं चाटूनपुसून खायची. हेकरू म्हनलं असतं तं तोंडं वाकडी झाली असती.’

मग ती म्हणाली, ‘वाच आता, काय लिवलंयस ते.’

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून. ती लिलावात बोली ऐकतात तशी मान खाली घालून ऐकत होती. ‘कष्टकऱ्यांच्या अज्ञानाचा फायदा घेणारे’ या शब्दांवर तिनं नुसतं वर बघितलं. तिसऱ्या खुणेवर तिनं मला थांबवलं. ‘शेपटीचं परत वाच.’ मी वाचलं, ‘शेपटी गोल असेल तर तो हेकरू समजावा.’ आई म्हणाली, ‘कोनी सांगितलं? दोघांची बी गोलच. डोसकं बराबर लिवलंस, पाठीवरची खाच बराबर. शेपटी चुकली.’

मी तिच्याशी वाद घातला. पण मला माहीत होतं. खरा जिताडा मी एकदाच, चार मिनिटं बघितला होता आणि त्याची शेपटी जाळ्यात गुंतलेली होती. पत्रकाला तीन खुणा लागतात, माझ्याकडे दोनच होत्या. तिसरी मी यष्टीत बसल्याबसल्या घातली. पुढच्या आठवड्यात कॉलेजात जाऊन पुस्तक उघडलं. आईचंच बरोबर होतं.

आईचा कॉलनीतला धंदा संपला. ती त्याच जागेवर सुकट, बोंबील घेऊन बसायला लागली, कारण सुक्या माशाला कोणी डोकं मागत नाही. दोनेक महिन्यांनी तिच्या माहेरच्या बाजूची एक म्हातारी कोणाच्या तरी सांगण्यावरून एक अख्खा जिताडा घेऊन फाट्यावर आली. खरा. रुपेरी खवल्यांचा, मोठ्या घरच्या साखरपुड्यासाठी आणलेला. घेणाऱ्यांनी खिशातून माझा कागद काढला, शेपटी बघितली आणि म्हातारीला लबाड ठरवलं. आई उठून मधे पडली. अरं बाबांनो, ह्यो जिताडाच हाय, डोसकं बघा, पाठ बघा, असं परोपरीनं सांगत राहिली. तिचं कोण ऐकणार? लोक म्हणाले, चोराची साक्ष चोर. म्हातारी मासा घेऊन आली तशी उन्हातून परत गेली. तो मासा पेणपर्यंत टिकला नसणार.

आईनं घरी येऊन मला सगळं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, ‘आता तू सांग जा त्यान्ला. तुजं ऐकतील.’ मी म्हटलं, पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापते. पुढचं पत्रक रॉकेलवर निघालं, त्याच्या पुढचं यष्टीच्या भाड्यावर. मी माडीवर हा विषय काढलाच नाही. ज्या मंचानं दुधवाल्यांकडून आणि रेशन दुकानदारांकडून चौकात उभं करून माफीनामे लिहून घेतले, त्याच्या पत्रकात एक खूण मनानं रचलेली होती, हे मी कोणाला सांगणार होते? माझं नाव होत होतं. लोक ते पत्रक जपून ठेवत होते. आई काही दिवस दर बाजाराला विचारायची, ‘छापलंस का गं?’ मी म्हणायची, छापते. मग तिनं विचारणं सोडलं. आठ माणसांसमोर उभं राहून, गप्प बसून सुटता येत असताना, तिनं आपली लबाडी मोठ्यानं कबूल केली होती. मला चार ओळी लिहायच्या होत्या.

हेकरूची शेपटी गोल असते. जिताड्याचीही गोलच असते. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि हे मी आज पहिल्यांदा छापतेय.